आकृतींची तुलना आणि जमिनीचे क्षेत्रफळ

(विद्यानगर, हैदराबाद येथील मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्यानगरात घरासाठी जागा घेणारा माणूस चौरस गजांत बोलतो. दोनशे गजांचा भूखंड, अडीचशे गजांचा भूखंड अशी येथील भाषा आहे. याच माणसाची वडिलोपार्जित शेती नांदेड, परभणी वा लातूर जिल्ह्यात असली, तर तिच्या सातबारा उताऱ्यावर हेक्टर आणि आर लिहिलेले असतात. गावी गेल्यावर घरातील वडीलधारी मंडळी त्याच शेताचा उल्लेख एकर आणि गुंठ्यांत करतात. अशा रीतीने एकाच कुटुंबाची जमीन तीन निरनिराळ्या मापांत नांदत असते. या तिन्ही मापांचा अर्थ नीट न समजल्यामुळे जे नुकसान होते ते बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही. पैसा कमी मिळाला तर माणूस तत्काळ तक्रार करतो. जमीन कमी मिळाली तर ती पुढच्या पिढीच्या वाटणीपर्यंत कळत नाही.

शाळेत चौरस, आयत, त्रिकोण आणि वर्तुळ यांच्या क्षेत्रफळांची सूत्रे सर्वांनी पाठ केलेली असतात. परंतु दोन आकृतींपैकी मोठी कोणती आणि ती कशावरून ओळखावी, हा प्रश्न सूत्रे पाठ करून सुटत नाही. तो शेताच्या बांधावर, भूखंडाच्या कोपऱ्यावर आणि भावांच्या वाटणीत उभा राहतो. यास्तव या साध्या आकृतींची तुलना व्यवहाराच्या दृष्टीने करून पाहणे हा प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू आहे.

मापांची ओळख

प्रथम मापांचा मेळ घातला पाहिजे. गज, म्हणजेच मराठीतील वार, तीन फुटांचा. म्हणून एक चौरस गज नऊ चौरस फुटांचा. दोनशे चौरस गजांचा भूखंड म्हणजे १,८०० चौरस फूट, अथवा सुमारे १६७ चौरस मीटर. गुंठा हा १२१ चौरस गजांचा, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा असतो, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता. राज्ये निराळी झाली, तरी एकर आणि गुंठा ही बोली मापे आजही तेलंगण आणि मराठवाडा या दोन्ही प्रदेशांत सारखीच चालतात.

१,०८९ हा आकडा विचित्र वाटतो. परंतु त्याचे मूळ समजले की तो सहज ध्यानात राहतो. इ. स. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात जमिनीच्या पाहणीचे काम सुरू केले आणि त्यातूनच मुंबई इलाख्याची मोजणीची पद्धत घडली. या पद्धतीतील साखळी ३३ फुटांची असे व तिचे सोळा आणे पाडलेले असत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद अशा चौरसाचे क्षेत्र म्हणजे गुंठा. ३३ ला ३३ ने गुणले की १,०८९ येतात. गुंठा हा शब्द उच्चारताना डोळ्यांसमोर ३३ फूट भुजेचा चौरस उभा राहिला, तर पुष्कळसा गोंधळ जागीच मिटतो.

दशमान पद्धतीतील आर हा दहा मीटर भुजेचा चौरस, म्हणजे १०० चौरस मीटरांचा. गुंठा १०१.१७ चौरस मीटरांचा आहे. दोन्ही मापे इतकी जवळची आहेत की व्यवहारात पुष्कळ लोक गुंठा आणि आर एकच मानतात. लहान तुकड्यात हा फरक जाणवत नाही. परंतु एक एकर म्हणजे ४० आर नसून ४०.४७ आर होत. म्हणजे एकरामागे सुमारे ४७ चौरस मीटर जागा या गैरसमजात नाहीशी होते. विद्यानगरच्या हिशेबाने ती ५६ चौरस गज भरते. शेतात ही जागा दिसत नाही. शहरात तेवढ्या जागेवर दोन खोल्या उभ्या राहतात.

कुंपण सारखे, क्षेत्र निराळे

शेत किती मोठे आहे हे सांगताना त्याला वळसा घालण्यास किती वेळ लागतो, किंवा कुंपणाला किती तार लागते, यावरून अंदाज करण्याची सवय फार जुनी आहे आणि ती फसवी आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील ग्रीक भाष्यकार प्रोक्लस याने यूक्लिडच्या भूमितीवर लिहिताना अशा फसवणुकीची नोंद केली आहे. जमिनीची वाटणी करताना काही चतुर लोक अधिक परिमितीचा, परंतु कमी क्षेत्राचा तुकडा सोबत्याला देत आणि वर आपण उदार असल्याचा लौकिकही मिळवीत.

हे कसे घडते ते १२० मीटर लांबीच्या दोरीने पाहता येईल. या दोरीने ३० मीटर भुजेचा चौरस आखला तर क्षेत्र ९०० चौरस मीटर येते. ४० बाय २० मीटरचा आयत आखला तर ८०० येते. ५० बाय १० चा आयत ५०० वर येतो आणि ५५ बाय ५ ची पट्टी अवघी २७५ वर. दोरी तीच, कुंपणाचा खर्च तोच; परंतु जमीन तिपटीहून अधिक फरकाने कमी झाली. आयत जितका लांबट, तितके त्याच परिमितीतील क्षेत्र कमी, हा यातील नियम होय. त्याच दोरीचे वर्तुळ केले तर क्षेत्र सुमारे १,१४६ चौरस मीटर भरते. दिलेल्या परिमितीत सर्वांत अधिक क्षेत्र सामावून घेणारी आकृती वर्तुळच होय.

मराठी शेतकऱ्याच्या घरात या नियमाचा पुरावा पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. धान्याची कणगी गोल असते. २२ फूट लांबीची चटई गोल उभी केली तर तिचा व्यास सात फूट होतो आणि तळ ३८.५ चौरस फूट भरतो. तीच चटई चौकोनी उभी केली तर भुजा साडेपाच फुटांची आणि तळ ३०.२५ चौरस फुटांचा होतो. चटई तेवढीच, उंची तेवढीच. परंतु गोल कणगीत सव्वापटीहून थोडे अधिक धान्य मावते. शिवाय गोल भिंतीवर धान्याचा दाब सर्व बाजूंनी सारखा पडतो आणि कोपरा फुटण्याची भीती राहत नाही. विहीर गोल बांधण्यातही हाच लाभ आहे. ही बांधणी करणाऱ्याने सूत्र शिकलेले नव्हते. परंतु अनुभवाने त्याने जे ओळखले ते गणिताच्या दृष्टीने निर्दोष होते.

भुजा सारख्या, तरी क्षेत्र निराळे

परिमिती फसवी आहे हे पटले तरी दुसरा भ्रम शिल्लक राहतो. चारही बाजूंची मापे जर दस्तऐवजात स्वतंत्रपणे लिहिली असतील तर क्षेत्र निश्चित झालेच, असे सुशिक्षितांनाही वाटते. ते खरे नाही.

उदाहरणादाखल ३६ फूट दर्शनी रुंदीचा आणि ५० फूट खोलीचा भूखंड घ्यावा. कोपरे काटकोनी असतील तर क्षेत्र १,८०० चौरस फूट, म्हणजे बरोबर दोनशे चौरस गज. आता रस्ता किंवा शेजारची हद्द तिरपी असल्यामुळे हा भूखंड एका बाजूस कलला आहे, आणि मागील बाजू पुढील बाजूच्या मानाने १४ फूट सरकली आहे असे समजावे. चारही भुजा पूर्वीइतक्याच, ३६, ५०, ३६, ५० फूट आहेत. परंतु पुढील आणि मागील बाजूंमधील लंब अंतर आता ५० नसून ४८ फूट आहे. क्षेत्र १,७२८ चौरस फूट, म्हणजे १९२ चौरस गज. टेप घेऊन चारही बाजू मोजणाऱ्या खरेदीदाराला एकही माप चुकीचे आढळणार नाही, आणि तरीही आठ चौरस गज जागेचे पैसे त्याने फुकट दिलेले असतील.

यावर उपाय सोपा आहे. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजावेत. समोरासमोरच्या भुजा समान असून दोन्ही कर्णही समान आले, तर आकृती आयत आहे. वरील काटकोनी भूखंडाचे दोन्ही कर्ण सुमारे ६१.६ फूट येतात. कललेल्या भूखंडाचा एक कर्ण सुमारे ६९.३ फूट आणि दुसरा ५२.८ फूट येतो. दोन अधिक मापे घेण्यास पाच मिनिटे लागतात. ती न घेतल्याची किंमत आयुष्यभराच्या बचतीतून जाते.

ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त तिची सविस्तर चर्चा केली आहे. त्यांनी २५ ही समान भुजा असलेला चौकोन घेतला. त्याचे कर्ण ३० आणि ४० असतील तर क्षेत्र ६०० येते. कर्ण १४ आणि ४८ असतील तर ३३६ येते. आणि तो चौरस असेल तर ६२५ येते. चारही भुजा तिन्ही वेळा त्याच. म्हणून लंब किंवा कर्ण न सांगता केवळ भुजांवरून चौकोनाचे निश्चित क्षेत्र विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी पिशाच म्हटले आहे, आणि अशा प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याला त्याहूनही पुढचा ठरविले आहे. चाळीसगावजवळील पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभी त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, याची साक्ष तेथील शिलालेख देतो. ज्या भूमीत हे अध्ययन चालले त्याच भूमीत आज केवळ चार भुजा लिहिलेल्या कागदावर जमिनीचे व्यवहार व्हावेत, ही खेदाची गोष्ट होय.

सरासरीची पद्धत आणि तिचा दोष

ज्या शेताच्या चारही बाजू असमान असतात, त्याचे क्षेत्र काढण्याची एक प्रचलित युक्ती आहे. समोरासमोरच्या दोन बाजूंची सरासरी घ्यावयाची, उरलेल्या दोन बाजूंचीही सरासरी घ्यावयाची आणि दोहोंचा गुणाकार करावयाचा. ही युक्ती फार प्राचीन आहे. ईजिप्तमधील एडफू येथील मंदिराच्या भिंतींवर कोरलेल्या जमिनींच्या नोंदींत ती आढळते. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील ग्रंथात ती दिली आहे; परंतु तिला स्थूल, म्हणजे अंदाजी, असे स्पष्ट म्हणून त्याने सूक्ष्म रीत निराळी सांगितली. ती सूक्ष्म रीतसुद्धा ज्याचे चारही कोपरे एका वर्तुळावर येतात अशाच चौकोनाला लागू पडते.

सरासरीच्या पद्धतीतील दोष एकाच दिशेचा आहे. तिने काढलेले क्षेत्र खऱ्या क्षेत्राहून कधीही कमी येत नाही. आकृती आयत असेल तरच ते बरोबर येते. अन्य सर्व प्रसंगी ते अधिकच येते. त्यामुळे ही पद्धत विकणाऱ्याच्या हिताची आणि घेणाऱ्याच्या तोट्याची ठरते.

एक शेत घेऊ. त्याच्या बाजू क्रमाने १३०, १५०, १०५ आणि १७५ मीटर आहेत. सरासरीच्या पद्धतीने १३० आणि १०५ यांची सरासरी ११७.५, तसेच १५० आणि १७५ यांची १६२.५ येते. गुणाकार १९,०९३.७५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १ हेक्टर ९१ आर. आता १३० व १७५ मीटरच्या बाजू जेथे मिळतात तेथून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण मोजला आणि तो १४० मीटर भरला. कर्णामुळे शेताचे दोन त्रिकोण झाले. पहिल्याच्या भुजा १३०, १५०, १४०. दुसऱ्याच्या १०५, १७५, १४०.

त्रिकोणाची गोष्ट चौकोनाहून निराळी आहे. तीन भुजा ठरल्या की त्रिकोणाचा आकार ठरतो. तो कलत नाही. तीन बांबू टोकांना बांधले तर चौकट ताठ राहते, चार बांधले तर ती हलते, हे प्रत्येक मांडव घालणारा जाणतो. म्हणून त्रिकोणाचे क्षेत्र केवळ भुजांवरून निश्चित काढता येते. तिन्ही भुजांच्या बेरजेचे निम्मे घ्यावे. त्यातून एकेक भुजा वजा करावी. निम्मी बेरीज आणि या तीन वजाबाक्या यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढावे. पहिल्या त्रिकोणात निम्मी बेरीज २१० आणि वजाबाक्या ८०, ६० व ७० येतात. क्षेत्र ८,४०० चौरस मीटर. दुसऱ्यातही निम्मी बेरीज २१० च आहे. वजाबाक्या १०५, ३५ व ७०. क्षेत्र ७,३५० चौरस मीटर. एकूण १५,७५० चौरस मीटर, म्हणजे १ हेक्टर ५७.५ आर.

दोन उत्तरांत ३३ आरांहून अधिक अंतर पडले. खऱ्या क्षेत्राच्या मानाने ही वाढ शेकडा २१ होते. असे शेत विकत घेणारा शेतकरी पाऊण एकराहून अधिक अस्तित्वात नसलेल्या जमिनीचे पैसे मोजतो. बी-बियाणे व खत यांचे प्रमाण तो त्याच चुकीच्या क्षेत्रावर ठरवितो आणि उत्पन्न कमी आले म्हणून जमिनीला दोष देतो. एक कर्ण मोजला असता तर हे सर्व टळले असते.

त्रिकोणी शेताची वाटणी

वाटणीच्या वेळी होणारी चूक अधिक दुःखदायक असते, कारण तेथे समोर परका नसून भाऊ किंवा बहीण असते. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत कन्येला पुत्राबरोबरीचा हक्क सर्व देशभर मिळाला. हक्क समान झाला. परंतु तो जमिनीवर उतरताना समान राहतो किंवा नाही, हे बांध कोठे पडतो यावर अवलंबून असते.

१२० मीटर पाया आणि १०० मीटर उंची असलेले त्रिकोणी शेत घ्यावे. पाया गुणिले उंची याचे निम्मे केले की क्षेत्र ६,००० चौरस मीटर, म्हणजे ६० आर येते. दोघांत वाटणी करावयाची आहे. उंचीच्या मध्यावर, ५० मीटरांवर, पायाला समांतर बांध घातला तर दिसावयास वाटणी अगदी मधोमध झालेली दिसते. प्रत्यक्षात टोकाकडील भाग १५ आर आणि पायाकडील भाग ४५ आर होतो. एकाला दुसऱ्याच्या तिप्पट जमीन गेली. त्याऐवजी पायाचा मध्य काढून तो समोरच्या टोकाशी जोडला, तर दोन्ही त्रिकोणांचा पाया ६० मीटर आणि उंची १०० मीटर होते. प्रत्येकाला बरोबर ३० आर मिळतात. तीन वाटेकरी असतील तर पायाचे तीन सारखे भाग करून प्रत्येक खूण टोकाशी जोडावी. पाया समान आणि उंची समान असली की त्रिकोणांचा आकार कितीही निराळा दिसो, त्यांचे क्षेत्र समानच असते.

काही ठिकाणी पाणी किंवा वाट एकाच बाजूला असल्यामुळे आडवाच बांध घालणे सोयीचे असते. अशा वेळी तो टोकापासून उंचीच्या निम्म्यावर न घालता सुमारे ७१ टक्क्यांवर, म्हणजे वरील शेतात सुमारे ७०.७ मीटरांवर घालावा. तेव्हा दोन्ही भाग सारखे होतात. समान क्षेत्र म्हणजे समान मोल नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. काळी जमीन, मुरमाड जमीन, विहिरीची बाजू, पोटखराबा यांचा विचार वाटेकऱ्यांनी मिळून करावयाचा असतो. परंतु तो विचार क्षेत्र अचूक कळल्यानंतरच न्याय्य रीतीने होऊ शकतो. शिवाय तुकडे किती लहान पाडावेत यालाही मर्यादा आहे. त्रिकोणाचे निमुळते टोक औताखाली येत नाही. आणि जमिनीचे तुकडे पडू नयेत व विखुरलेले तुकडे एकत्र यावेत यासाठी १९४७ साली मुंबई प्रांतात स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून या प्रश्नाची गंभीरता दिसून येते.

लांबी दुप्पट, क्षेत्र चौपट

तुलनेतील आणखी एक चूक लांबी आणि क्षेत्र यांच्या संबंधातील आहे. आकृतीची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर क्षेत्र दुप्पट होत नाही, चौपट होते. दोन इंची नळाचे तोंड एक इंची नळाच्या चौपट असते. म्हणून दोन इंची नळाच्या ठिकाणी एक इंची दोन नळ टाकणाऱ्याला पाणी अपुरे पडते. सात इंच व्यासाचे दोन पापड मिळून दहा इंचांच्या एका पापडाएवढे होतात, यावर मुलांचा प्रथम विश्वास बसत नाही. परंतु ७ चा वर्ग ४९, दोहोंचे मिळून ९८, आणि १० चा वर्ग १००, इतके मांडून दाखविले की शंका राहत नाही.

नकाशा वाचताना हा नियम नित्य लागतो. एकास एक हजार या प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर दहा मीटर. म्हणून नकाशावरचा एक चौरस सेंटीमीटर म्हणजे १०० चौरस मीटर, अर्थात एक आर. त्याच शेताचा नकाशा एकास दोन हजार प्रमाणावर काढला तर त्याच चौरस सेंटीमीटरात चार आर सामावतात. नकाशाचे प्रमाण न पाहता त्यावरून क्षेत्राचा अंदाज करणे म्हणजे मापट्याचा आकार न पाहता धान्य मोजण्यासारखे आहे.

मोजणीची परंपरा आणि आजची साधने

त्रिकोण ताठ असतो या एका गुणावर साऱ्या हिंदुस्थानची मोजणी झाली. विल्यम लॅम्बटन याने इ. स. १८०२ मध्ये मद्रासजवळ एक पायारेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजली आणि तिच्या आधारे कोन मोजत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत, तो दख्खनमधून उत्तरेकडे सरकत गेला. निजामाच्या मुलखातून ही त्रिकोणांची साखळी पुढे गेली. हे कार्य अपुरे असतानाच १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याची समाधी तेथे आहे. विद्यानगरातून उप्पलकडे गेले की भारतीय सर्वेक्षण विभागाची प्रशिक्षण संस्था लागते. तेथे देशभरातील मोजणीदार ज्या विद्येचे शिक्षण घेतात तिचा पाया हाच त्रिकोण आहे.

साधने पालटली. साखळीच्या जागी टेप आणि प्लेन टेबल आले, त्यानंतर इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली, आणि आता उपग्रहांच्या संकेतांवरून कोपऱ्यांची स्थाने निश्चित केली जातात. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना सुरू केली. तिच्या अंतर्गत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी केली जाते. यंत्र क्षेत्रफळ अचूक सांगते. परंतु कोणत्या खुणेपासून कोणत्या खुणेपर्यंत मोजावयाचे, हे यंत्र ठरवीत नाही. हद्दीचा दगड सरकलेला असेल तर अचूक यंत्र सरकलेल्या हद्दीचे अचूक क्षेत्र देते. म्हणून मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांनी जातीने हजर राहणे, जुनी टिपणे आणि नकाशा यांच्याशी खुणा ताडून पाहणे आणि शंका तेथेच नोंदविणे, ही कामे पूर्वीइतकीच महत्त्वाची राहिली आहेत.

डोंगरउताराच्या जमिनीविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मोजणीत क्षेत्र सपाटीवर धरतात, उतारावर नव्हे. उतारावर १०० मीटर टेप धरली आणि तेवढ्यात जमीन २८ मीटर चढली, तर सपाट अंतर ९६ मीटरच होते. उतारावरून स्वतः मोजलेले क्षेत्र सरकारी नोंदीपेक्षा अधिक आले, तर प्रत्येक वेळी नोंदीतच चूक आहे असे समजू नये.

शिक्षकांचे कार्य

या सर्व विषयाचा आरंभ शाळेत व्हावयास हवा, आणि त्यासाठी खर्चाची गरज नाही. बारा हात दोरीची दोन टोके बांधून मुलांना अंगणात निरनिराळे आयत करावयास सांगावे आणि प्रत्येकाचे क्षेत्र लिहून ठेवण्यास सांगावे. चार काड्यांची चौकट करून ती कलती करावी. भुजा न बदलता क्षेत्र शून्यापर्यंत कसे घसरते ते मुलांना डोळ्यांनी दिसेल. शाळेच्या आवाराचे चार कोपरे आणि एक कर्ण मोजून दोन त्रिकोणांनी क्षेत्र काढावे व ते शाळेच्या कागदपत्रांतील नोंदीशी ताडून पाहावे.

नदीकाठच्या वाकड्यातिकड्या शेतासाठी दोन रीती आहेत. आकृती चौकटीच्या कागदावर काढून पूर्ण घरे मोजावीत आणि निम्म्याहून अधिक व्यापलेली घरे पूर्ण धरून बाकीची सोडून द्यावीत. दुसरी रीत वजनाची. आकृती जाड पुठ्ठ्यावर काढून कापावी, त्याच पुठ्ठ्याचा ज्ञात क्षेत्राचा चौरस कापावा आणि दोहोंचे वजन करावे. वजनाचे जे प्रमाण तेच क्षेत्राचे प्रमाण. गॅलिलिओने एका अवघड वक्र आकृतीचे क्षेत्र अजमावण्यासाठी हीच रीत वापरली होती. सोनाराच्या बारीक तराजूवर हा प्रयोग मुले आवडीने करतील.

खेड्यातील मुलगा किंवा मुलगी जर आपल्याच शेताचे क्षेत्र काढून सातबाऱ्याच्या नोंदीजवळ आणू शकली, तर त्या घरात भूमितीचा प्रवेश झाला असे म्हणता येईल. असे घर व्यवहारात सहजासहजी फसत नाही. अर्थात घरी टेपने केलेली मोजणी ही सावध होण्यासाठी असते. तिने अधिकृत मोजणीची जागा घेता येत नाही. नोंद आणि जागा यांत तफावत दिसली तर शेजाऱ्याशी भांडण न काढता भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीसाठी अर्ज करावा, हाच योग्य मार्ग होय.

बांधावरून होणाऱ्या कलहांनी किती घरे दुभंगली याची मोजदाद करणे कठीण आहे. त्यातील काही कलहांच्या मुळाशी लोभ असतो, हे मान्य केलेच पाहिजे, आणि लोभावर भूमितीजवळ उपाय नाही. परंतु पुष्कळ वेळा दोन्ही पक्ष प्रामाणिक असतात. एकाने परिमिती पाहिलेली असते, दुसऱ्याने सरासरी काढलेली असते, आणि प्रत्येकाला दुसऱ्याने आपल्याला लुबाडले असे मनापासून वाटत असते. अशा ठिकाणी एक दोरी, एक कर्ण आणि दोन त्रिकोण यांनी जे काम होते ते वर्षानुवर्षे चाललेल्या दाव्यानेही होत नाही. विद्यानगरात भूखंड घेणाऱ्याने आणि गावी शेताची वाटणी करणाऱ्याने कागदावर सही करण्यापूर्वी कर्ण मोजून घ्यावा.